एका सीटचं संगीत

गाडीतल्या गाण्यांबद्दल माणसांचे ढोबळमानाने दोन पंथ असतात, असं माझं निरीक्षण आहे. पहिला पंथ म्हणतो, "गाडी चालवायला असते, गाणी ऐकायला घर आहे की!" दुसरा पंथ म्हणतो, "बसवायचं तर असं बसवायचं की सिग्नलला शेजारच्याच्या काचा थरथरल्या पाहिजेत." माझं या दोघांशीही फारसं जमत नाही. तिसरा एक लहानसा, मुका पंथ आहे. घरात टीव्ही चालू, कुणाचा ऑनलाइन क्लास चालू, कुकरच्या शिट्ट्या चालू. त्यामुळे एक अख्खं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची जागा गाडी एवढीच उरलेली माणसं या पंथात येतात. हा लेख त्यांच्यासाठी.

निमित्त आमच्या भाच्याचं. पहिली नोकरी, पहिली बचत, आणि घरच्या हॅचबॅकमध्ये "सिस्टिम" करायची आहे. (हल्ली कुणी "टेप बसवायचा आहे" म्हणत नाही. आमच्या वेळी... असो.) गेल्या महिन्याभरात त्याने मला चार आराखडे पाठवले. पहिल्या आराखड्यात दोन स्पीकर होते; चौथ्यात ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर, डीएसपी, सहा चॅनेल आणि सीटखाली वूफर. सोबत प्रश्न: "मामा, पहिल्यांदाच करतोय. डायरेक्ट ॲक्टिव्ह करू का?"

फोनवर तीनदा तुकड्यातुकड्यांत उत्तर देऊन झालं. आता एकदाच नीट लिहितो, म्हणजे ताईलाही वाचता येईल. कारण गाडी तिचीही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ॲक्टिव्ह कर. नवशिक्यानेही करावं. पण दुकानदार ज्या कारणासाठी करायला सांगतो त्यासाठी नको, आणि खरेदीच्या यादीत ते जिथे आहे तिथेही नको. आणि एक अट आहे, ती शेवटी सांगतो.

आधी ज्यांना हे शब्द म्हणजे चिनी भाषा वाटतेय त्यांच्यासाठी दोन परिच्छेद. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. एवढा मोठा पल्ला एकच स्पीकर नीट वाजवू शकत नाही. खर्जासाठी मोठा, जड पडदा लागतो आणि झांजेच्या किणकिणाटासाठी नाण्याएवढा, हलका. म्हणून दारात मोठा मिडवूफर आणि वर आरशाजवळ छोटा ट्वीटर. आता मोठ्याला खालचे सूर आणि छोट्याला वरचे सूर वाटून देणारी जी चाळणी, ती म्हणजे क्रॉसओव्हर.

ही चाळणी दोन ठिकाणी लावता येते. ॲम्प्लिफायरच्या नंतर, म्हणजे आवाजाला ताकद मिळाल्यावर, तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर यांनी वाटणी केली तर ती पॅसिव्ह. स्पीकरच्या खोक्यात जी काळी डबी मिळते ती हीच. आणि ॲम्प्लिफायरच्या आधी, सिग्नल अगदी नाजूक असतानाच वाटणी केली, आणि मग प्रत्येक स्पीकरला स्वतःचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर चॅनेल दिला, तर ती ॲक्टिव्ह. दोन ट्वीटर, दोन मिडवूफर म्हणजे चार चॅनेल. वूफर धरला तर पाच. हिशेब एवढाच आहे. बाकीचं गूढ दुकानातल्या बोर्डांवरच्या निळ्या दिव्यांनी निर्माण केलेलं आहे.

जाणकार मंडळी नवशिक्यांना सहसा सांगतात की पहिल्यांदा पॅसिव्हवालाच संच घ्या. बनवणाऱ्या इंजिनिअरने डोकं चालवून ती डबी बनवली आहे, त्याच्यापेक्षा तुम्ही शहाणे आहात का? हा सल्ला प्रामाणिक आहे आणि मी त्याची टर उडवणार नाही. घरातल्या लाकडी स्पीकरच्या बाबतीत तर तो शंभर टक्के खरा आहे. तिथे ट्वीटर आणि वूफर एकाच पेटीत, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बसलेले असतात, आणि इंजिनिअरने ती अंतरं मोजूनच चाळणी बनवलेली असते.

पण गाडीत काय होतं? मिडवूफर दारात, तुमच्या पोटरीजवळ. ट्वीटर वर काचेच्या खांबाजवळ किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. ही जागा त्या इंजिनिअरने पाहिलेलीच नाही! त्याने एक अंदाज धरला आणि डबी बंद केली. आता गणित बघा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वूफर आणि ट्वीटरची वाटणी समजा ३,००० हर्ट्झला केली, तर त्या सुराची एक लाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची. म्हणजे तुमच्या कानापासून ट्वीटर आणि वूफर यांच्या अंतरात पाऊणे सहा सेंटिमीटरचा फरक पडला, की अर्धी लाट सरकली. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. दोघेही ठणठणीत, दोघेही महागडे, आणि नेमक्या त्या जागी आवाजात खड्डा. पॅसिव्ह डबीत यावर इलाज एकच, ट्वीटरच्या तारा उलट्या जोडून बघायच्या. जमलं तर जमलं. ॲक्टिव्हमध्ये मात्र प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र विलंब देता येतो, पातळी कमी-जास्त करता येते, वाटणीची जागा सरकवता येते. पॅसिव्हचा दुसराही एक त्रास आहे. त्याचं गणित स्पीकरचा रोध समजा ४ ओहम आहे असं धरून केलेलं असतं, आणि खऱ्या स्पीकरचा रोध सुरागणिक बदलत राहतो.

म्हणून मी म्हणतो, ॲक्टिव्ह ही तज्ज्ञांची चैन नव्हे. गाडी ही संगीतासाठी इतकी वाईट खोली आहे की खरी गरज तिथेच आहे. बोस कंपनीच्या अमर बोस यांनी हेच ओळखलं होतं. १९८३ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांमध्ये त्यांची यंत्रणा आली, ती त्या त्या गाडीच्या आतल्या पोकळीचा विचार करून बनवलेली होती. स्पीकर आधी आणि गाडी नंतर, असा उलटा क्रम त्यांनी ठेवला नाही. आपल्या हॅचबॅकसाठी असा विचार कुणी करून ठेवलेला नसतो. तो आपल्यालाच करावा लागतो आणि त्याचं हत्यार म्हणजे ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर.

हे झालं कौतुक. आता भाचेबुवांच्या यादीकडे वळू.

यादी अशी होती: सगळ्यात वर डीएसपी, मग ॲम्प्लिफायर, मग स्पीकर, मग वूफर, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात "वायरिंग, डॅम्पिंग : उरलेल्या पैशात". मी ती यादी कागदावर उतरवून घेतली आणि कागद उलटा धरला. बघ, आता बरोबर दिसते!

का ते सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे आवाज फेकतो तेव्हा मागेही तेवढाच फेकतो, पण उलटा. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. घरच्या स्पीकरला मागे बंद पेटी असते ती यासाठीच. गाडीत पेटी कुठली? दाराचा पत्राच पेटी. आणि त्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं, वर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. पाच हजारांचा स्पीकर या पत्र्याच्या डब्यात ठेवा की पन्नास हजारांचा, डबा वाजणारच. तेव्हा पहिला खर्च दारांवर. पत्र्यावर ब्युटिलची जड पट्टी, भोकं घट्ट बंद, स्पीकरच्या खाली न हलणारी कडी आणि कडेने फोमची गोल पट्टी. हे केल्यावर कंपनीने दिलेला मूळ स्पीकरसुद्धा असा काही वाजतो की निम्मी माणसं तिथेच थांबतात. थांबली तर माझी हरकत नाही.

इथे एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहून ठेव. दाराच्या अगदी खालच्या कडेला लहान भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात उतरतं ते तिथूनच बाहेर जातं. आवाज गळू नये म्हणून कुणी उत्साहाच्या भरात ती बंद केली तर जुलैत दारात डबकं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंज. तसंच तो प्लास्टिकचा कागद फाडून फेकायचा नाही. काढला तर त्या जागी दुसरं काहीतरी कडेपर्यंत नीट चिकटवायचं, नाहीतर पाणी गालिच्यावर येतं. कोरड्या देशांतले व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे मुंबई-कोकणातल्या पावसात दर वर्षी चार महिने या भोकांची परीक्षा असते.

दुसरा खर्च तारांवर. आणि इथे पैसे वाचवू नकोस, ही विनंती नसून मामाचा हुकूम आहे. चार चॅनेलचा, प्रत्येकी खरोखरचे ७५ वॉट देणारा ॲम्प्लिफायर म्हणजे ३०० वॉट. क्लास-डी असेल तर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरू. म्हणजे बॅटरीकडून ३७५ वॉट हवेत. १३.८ व्होल्टने भागलं की २७ ॲम्पियर. घरातल्या गीझरला १०-१५ ॲम्पियर लागतात. यावरून काय ते समज. ही तार बोनेटमधून, पत्र्याच्या भोकातून, गालिच्याखालून जाते. कुठेतरी घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली तर बॅटरी क्षणात शेकडो ॲम्पियर ओतेल. म्हणून फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आतच हवा. तो ॲम्प्लिफायरच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तार जेवढी पेलेल तेवढाच. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी बूच हवं. तार अस्सल तांब्याची हवी. वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तेवढ्याच जाडीत कमी प्रवाह नेते आणि जास्त तापते. लॅमिंग्टन रोडला काय किंवा तपकीर गल्लीत काय, दोन्ही मिळतात आणि गुंडाळलेल्या अवस्थेत अगदी जुळ्या बहिणी दिसतात. टोक सोलून आणि चाकूने खरवडून बघायचं. आत पांढरं दिसलं की परत.

अर्थची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट लावायची. सिग्नलची तार गाडीच्या एका बाजूने, पॉवरची दुसऱ्या बाजूने न्यायची. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात एक "सूंऽऽई" असा आवाज चढत जातो आणि मग तो आयुष्यभर पाठ सोडत नाही.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर मूळ तारा कापू द्यायच्या नाहीत. गाडीच्या कपलरला बसणारा जोड-कपलर मिळतो, तो घ्यायचा. भाच्याला एका दुकानात सांगितलं गेलं की, "कापल्याशिवाय होतच नाही, सगळे कापतात." सगळे कापतात हे खरं असेल. होत नाही हे खरं नाही. आणि हल्लीच्या गाड्यांत पडद्यावरच एसी, मागचा कॅमेरा वगैरे सगळं असतं, त्यामुळे तो पडदा काढून दुसरा बसवायचा मोह टाळावा. आहे त्याच्या स्पीकरच्या तारांमधून सिग्नल उचलणारे डीएसपी असतात, तेच बरे. फक्त एक तपासून घे: पुष्कळ कंपन्यांचे मूळ सेट आवाज वाढवला की खर्ज आपोआप कमी करतात, त्यांच्या लहान स्पीकरांचा जीव वाचावा म्हणून. असा सेट असेल तर आधी तो मोजून सरळ करावा लागतो.

वॉटबद्दलही जाता जाता. खोक्यावर "५० गुणिले ४ वॉट" असं लिहिलेल्या हेड युनिटमध्ये ५० वॉट नसतात. असूच शकत नाहीत. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात असं धरलं, मधे काहीही तोटा नाही असं धरलं, तरी ४ ओहमच्या स्पीकरला साध्या अविकृत सुरात २६ वॉटच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात १८ ते २० मिळाले तरी नशीब. हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, त्यात कंपनीचं काही चालत नाही. त्यामुळे खोक्यावरचा "मॅक्स" हा शब्द दिसला की त्याच्या पुढचा-मागचा आकडा वाचूच नये. "आरएमएस" शोधायचं.

एवढं सगळं केलंस, की मग ॲक्टिव्हचं सामान आण. आणि ते जोडताना एका गोष्टीची भीती मनात ठेव. पॅसिव्हमध्ये ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो खर्जाला दारातच अडवतो. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर आणि ट्वीटर यांच्यामध्ये कुणीही नसतं. तू पडद्यावर एक आकडा चुकीचा टाकलास, किंवा मिडवूफरची तार ट्वीटरला गेली, तर केसाएवढ्या बारीक तारेच्या गुंडाळीवर सगळा खर्ज एकदम येऊन आदळतो. एक बारीक "टप्" आवाज येतो आणि काही हजार रुपये संपतात. म्हणून आधी कुठलातरी टाकाऊ स्पीकर लावून कोणत्या तारेतून काय येतंय ते ऐकायचं, आणि मगच ट्वीटर जोडायचा. शिवाय ट्वीटरच्या वाटेत ४७ मायक्रोफॅरडचा एक नॉन-पोलर कपॅसिटर घालून ठेव. ४ ओहमला तो साधारण ८५० हर्ट्झच्या खालचं अडवायला लागतो. वाटणी ३,००० ला असेल तर तो फारसा लुडबुडत नाही, आणि गाडी चालू-बंद करताना येणारा धक्का बराचसा झेलतो. शुद्धतावादी नाकं मुरडतील. मुरडू देत, ट्वीटर तुझे आहेत.

वाटणी कुठे करायची? दारातला साडेसहा इंची मिडवूफर अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर एखाद्या टॉर्चसारखा वागायला लागतो, म्हणजे समोर प्रखर आणि बाजूला अंधार. आणि त्याचं "समोर" म्हणजे तुझा गुडघा. उलट ट्वीटरला त्याच्या स्वतःच्या अनुनादाच्या निदान दुप्पट वर ठेवावं, नाहीतर तो ओरडतो. तेव्हा अडीच ते साडेतीन हजारांच्या मधे कुठेतरी सुरुवात कर. उतार २४ डेसिबल दर सप्तकाला, लिंकविट्झ-रायली पद्धतीचा. १९७६ साली झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी तो मांडला, रायली त्यांचे सहकारी. त्याची गंमत अशी की वाटणीच्या सुरावर दोघेही ६ डेसिबल खाली असतात आणि अंतरं जुळली असतील तर दोघांची बेरीज बरोब्बर सपाट येते. (आपल्या संगीतातलं सप्तक आणि इंजिनिअरचा ऑक्टेव्ह एकच, कंपनं दुप्पट झाली की एक सप्तक चढलं. शाळेत हे पेटीवर दाखवून शिकवलं असतं तर मला फिजिक्समध्ये चार मार्क जास्त मिळाले असते :) )

जुळलं की नाही हे कसं कळणार? फोनवर मोजणारी ॲप्स आहेत, ती वापर, पण शेवटी कान. माझ्या दोन परीक्षा आहेत आणि दोन्ही आपल्या घरच्या आहेत.

पहिली, १९५० च्या दशकातलं कुठलंही जुनं मोनो गाणं. मोनोमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना अगदी तोच आवाज असतो. तेव्हा सगळं बरोबर असेल तर गाणारी व्यक्ती डॅशबोर्डच्या मधोमध उभी राहिली पाहिजे. उजव्या दारात बसलेली वाटली तर काहीतरी चुकलंय. नव्या, चकाचक स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये ही चूक लपून जाते, जुन्या मोनोत लपत नाही. दुसरी परीक्षा म्हणजे नुसता तंबोरा. ख्यालाच्या सुरुवातीचा अर्धा मिनिट. तंबोऱ्याची एकच तार खालच्या षड्जापासून जवारीच्या वरच्या चमकेपर्यंत पसरते, म्हणजे आपल्या वाटणीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना. वाटणी बिघडली असेल तर तंबोऱ्याचा भोपळा पायाशी आणि जवारी काचेवर ऐकू येते. एक तंबोरा एकाच जागी ऐकू आला की समजायचं, जमलं. मग डग्गा वाजवून दारांचा निकाल घ्यायचा.

आता ती अट.

ॲक्टिव्हचा सगळ्यात मोठा चमत्कार म्हणून जो दाखवतात तो विलंब. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या कानापासून उजवे स्पीकर जवळ, डावे साधारण अर्धा मीटर लांब. अर्धा मीटर म्हणजे सुमारे दीड मिलिसेकंद. आपला मेंदू जो आवाज आधी येईल त्या दिशेला गाणं आहे असं समजतो, म्हणून गाणं उजव्या दाराला चिकटतं. डीएसपी उजव्या स्पीकरना दीड मिलिसेकंद थांबवतो, दोन्ही बाजू एकदम पोचतात, आणि गायक अलगद समोर येऊन उभा राहतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू!

पण डावीकडे कोण बसलंय? तिच्या कानाला डावे स्पीकर मुळातच दीड मिलिसेकंद आधी पोचत होते. आता उजवे आणखी दीड मिलिसेकंद थांबवले. म्हणजे तीन. तुझी सीट सुधारली त्याच मापाने शेजारची सीट बिघडली, आधीच्या दुप्पट बिघडली. हा दोष कुठल्या यंत्राचा नाही, चार पैसे जास्त देऊन तो जाणारही नाही. एका जागेसाठी जुळवलं की दुसरी जागा मोडते.

ही गाडी दर पंधरवड्याला साताऱ्याला जाते, आजीला भेटायला. चालवतोस तू. शेजारी दाजी, मागे ताई, परतताना कधी आजीही. दाजींना वरचे सूर आता कमी ऐकू येतात, वयाने बहुतेकांना तसं होतं, त्यामुळे ते आवाज वाढव म्हणतात. ताई म्हणते कमी कर. आजी म्हणते "कशाला रे एवढं, बोलता येत नाही". ही चार माणसं आणि तू आराखडा काढलास तो एका सीटचा.

म्हणून माझी अट एवढीच, की डीएसपीत दोन सेटिंग करायची. बहुतेक यंत्रांत अशा जागा असतात, एक बटण दाबलं की बदलतात. पहिलं, तू एकटा ऑफिसला जातोस तेव्हाचं. त्यात तुझ्या सीटसाठी हवा तेवढा विलंब दे, मन भरेपर्यंत जुळव. दुसरं, सगळ्यांचं. त्यात डाव्या-उजव्या बाजूंमधला विलंब शून्य. फक्त वाटणी नीट, दोन्हीकडची पातळी सारखी, खर्ज थोडा आवरलेला, आणि २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज स्वच्छ, कारण व्यंजनं तिथे राहतात आणि दाजींना शब्द कळतात ते त्यावरच. ट्रेबल मात्र दाजींसाठी वाढवायचं नाही. त्यांना गेलेलं परत येत नाही आणि ताईच्या कानाला ते टोचतं. या सेटिंगमध्ये गायक डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहणार नाही. न राहू दे. कुणाच्याच मांडीवरही बसणार नाही.

मला विचारशील तर दुसरं सेटिंग आधी कर. त्याला जास्त वेळ लागतो आणि जास्त शिकायला मिळतं. एका कानासाठी जुळवणं सोपं आहे.

आणि एक जोखीम, जिचा उल्लेख कुठल्याच आराखड्यात नसतो. वाईट सिस्टिम मोठी केली की आवाज फाटतो, आपण आपोआप कमी करतो. चांगली सिस्टिम फाटतच नाही, म्हणून ती नकळत वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली सुरक्षित मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८९ डेसिबलला आठवड्याचे पाच तास, ९५ ला सव्वा तास. तुझा ऑफिसचा रस्ताच रोज दीड तासाचा आहे. हायवेवर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आधीच भरपूर असतो आणि त्याच्यावर चढवायला आपण गाणं वाढवतो. दारांना लावलेली ती जड पट्टी बाहेरचा गोंगाटही थोडा कमी करते. तेवढं गाणं हळू लावलं तरी पुरतं. यादी उलटी का धरली त्याचं हे आणखी एक कारण. ट्वीटर जळला तर नवा मिळतो, कानातल्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. शिवाय मागून रुग्णवाहिका आली तर ती ऐकू आली पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं सगळं एका हॅचबॅकसाठी? हो. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला तेव्हापासून माणूस हेच करतोय, चालत्या पत्र्याच्या डब्यात गाणं नीट ऐकू यावं म्हणून धडपडतोय. ज्यांना यात वेळ घालवायचा नाही त्यांनी खुशाल पॅसिव्ह संच घ्यावा, दारं नीट करावीत आणि सुखाने गाणी ऐकावीत. त्यांचं काही चुकत नाही. ॲक्टिव्ह हे ज्यांना महिनाभर रोज थोडं थोडं ऐकत, बदलत, वहीत लिहीत बसायला आवडतं त्यांच्यासाठी आहे. भाच्या, तू लहानपणी पेटीचे सूर ऐकून कुठला भाता फाटलाय ते सांगायचास, म्हणून तुला सांगतोय, ॲक्टिव्ह कर.

पैसे एकदम खर्च करू नकोस. या महिन्यात दारं आणि तारा. मग पंधरा दिवस मूळ स्पीकरवरच ऐक. डीएसपी दिवाळीनंतर घेतलास तरी चालेल.

दारं उघडशील त्या रविवारी फोन कर, मी येतो. टॉर्च धरायला एक माणूस लागतोच. आणि ताईला म्हणावं, पोहे जरा जास्त टाक.